टिंगलच्या पोतनीस मॅडम

पहिल्या दिवशी पोतनीस मॅडमनी मला लॅबच्या दारातूनच परत पाठवलं.

"केसांना काय लावलंयस?"

"खोबरेल."

"आणि अंगाला कुठला साबण?"

मी साबणाचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. "उद्या ये. केस धुऊन, बिनवासाच्या साबणानं अंघोळ करून. पावडर नको, गजरा नको. सकाळी कांदा-लसूण खाऊ नकोस."

मी बार्शीहून नुकतीच चिंचवडला आले होते. बीएस्सी केमिस्ट्री, पहिलीच नोकरी. दोन रिक्षा बदलून चाकण एमआयडीसीच्या त्या मागच्या कोपऱ्यात पोचले होते आणि माझ्या केसांच्या तेलामुळे मला हाकलून देत होते. स्टॉपवर उभी राहून मी रडले. दुसऱ्या दिवशी केस खराट्यासारखे कोरडे करून गेले. त्यांनी वर बघितलंदेखील नाही. समोर पाण्याचे सात पेले मांडलेले होते.

"प्रत्येकात साखर वेगवेगळी आहे. कमीपासून जास्तीपर्यंत ओळीनं लाव."

मी तीनदा लावले, तिन्ही वेळा चुकले. रागावणं, समजावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नुसतं म्हणायच्या, "पाणी पी, पाच मिनिटं बस, परत कर." चौथ्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या आणि मधल्या दोन पेल्यांची त्यांनी स्वतः अदलाबदल केली. त्यातला फरक मला आजही कळत नाही. त्यांना कळायचा.

त्या तेव्हा चोपन्न-पंचावन्नच्या असतील. थोरल्या बहिणीसोबत चिंचवड गावठाणाजवळ दोन खोल्यांत राहायच्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. त्याआधी चोवीस वर्षं त्यांनी चिंचवडच्याच एका सरबतांच्या कंपनीत काढली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळायचं ते नारंगी सरबत त्यांनी बसवलेलं होतं. ती कंपनी बंद पडली आणि निखिल सर त्यांना शोधत घरी गेले.

निखिल सर आमचे मालक. वय एकतीस-बत्तीस. घराणं तिथलंच, जुनं. त्यांच्या आजोबांच्या जमिनीवर आज तीन कंपन्या उभ्या आहेत. पुण्यात शिकलेले, बोलणं शहरी, पण राग आला किंवा फार आनंद झाला की गावची बोली वर यायची. हिंजवडी, मारुंजीकडे हजारो पोरंपोरी खोल्या घेऊन राहतात, त्यांना बिअर कडू लागते, हे त्यांनी हेरलं होतं. ते मॅडमना म्हणाले होते, "मॅडम, ह्या पोरांना प्यायचंय, पण दारूची चव नकोय. तेवढी चव काढून द्या. एवढंच काम हाय."

मॅडमनी ते काम घेतलं. दारूबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांच्यापुढे एक अवघड चव होती, बस्स.

जांभूळ ही त्यांचीच निवड. जूनमध्ये त्या हौसाबाईंना घेऊन मावळातल्या गावांतून हिंडल्या. हौसाबाई आमच्या बॉटलिंग लाइनच्या प्रमुख, जवळच्याच गावच्या, आवाज सायरनसारखा. लाइनवरच्या बायकांवर त्यांचा वचक होता आणि माया पण. त्या आल्यावर सांगत होत्या, "बाई झाडाखाली डोळं मिटून हुबी! एक जांभूळ तोंडात टाकायचं, बी रुमालात, आन् मग घड्याळ बघत बसायचं. म्या म्हनलं, बाई, गाडी सुटंल. तर हात वर केला. थांब म्हनं, जीभ अजून बोलतीया."

जांभूळ खाल्ल्यावर जीभ किती वेळ कोरडी राहते, ते त्या मोजत होत्या. रानातलं खरं जांभूळ ओंजळभर खाल्लं की तोंड धरतं, घसा आवळतो, मग आपोआप हात थांबतो. हा तुरटपणा त्यांना काढायचा होता. सोबत स्पिरिटचा तिखटपणा, घशातली जळजळ, मागून येणारा कडवटपणा, हे सगळं. चौदा महिने लागले. रोज सकाळी दहा ते साडेबारा चव बघायची. चमचा तोंडात, दहा-बारा सेकंद, मग स्टीलच्या भांड्यात थुंकायचं, कोमट पाणी, निळ्या पेन्सिलीनं वहीत दोन ओळी. गिळायचं नाही. चौदा महिन्यांत एक घोट त्यांच्या पोटात गेला नाही. दुपारच्या डब्यात पोळी आणि दुधीची नाहीतर भोपळ्याची भाजी, बिनमिरचीची.

दसऱ्याला मशिनची पूजा होती. मॅडमनी उदबत्त्या गेटपाशी लावायला सांगितल्या, आत नकोत. हौसाबाई खवळल्या. "देवाला वास नगं म्हनं! बाईची जीभ हाय का देवघर?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हौसाबाई, उद्या बॅच आहे. देव समजून घेईल, बॅच घेणार नाही." शेवटी उदबत्त्या गेटपाशीच लागल्या. पण त्या दिवसापासून हौसाबाई मॅडमसाठी रोज घरून ताकाचा तांब्या आणायला लागल्या. दोघींत फार बोलणं नसायचं. ताक ठेवायचं, रिकामा तांब्या न्यायचा.

पेयाचं नाव 'टिंगल' ठेवलं. ते मॅडमना आवडलं नव्हतं, पण ते त्यांचं खातं नव्हतं. पहिली विक्री मारुंजीतल्या एका बारमध्ये झाली. निखिल सर आम्हाला दोघींना घेऊन गेले होते, दुपारीच. एका टेबलावर पाच-सहा पोरंपोरी. एक मुलगा बाटली उलटीसुलटी करून बघत म्हणाला, "भावा, यात दारू आहे? कळतच नाहीये!" निखिल सरांनी मॅडमचे दोन्ही हात धरले. "ऐकलंत? कळतच न्हाई म्हनतोय!" मॅडम हसल्या. मी त्यांना तशा हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, पुढेही क्वचितच पाहिलं. सरांनी त्यांच्यासमोर बाटली ठेवली. त्या म्हणाल्या, "मी चव बघते, पीत नाही. ती दोन वेगळी कामं आहेत."

दीड वर्षात आम्ही एका शिफ्टवरून तीन शिफ्टवर गेलो. जांभळापाठोपाठ कैरी आली. लाइनवर बारा बायका होत्या त्या चाळीस झाल्या. बहुतेक आसपासच्या गावांतल्या आणि लातूर-बीडकडून आलेल्या. नवऱ्याच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला तरी घर चालेल, असं त्या पहिल्यांदाच म्हणू लागल्या होत्या. मला पगारवाढ मिळाली. प्रत्येक बॅच मॅडमच्या सहीनंच बाहेर पडायची. फळाचा गर प्रत्येक वेळी वेगळा यायचा आणि त्या जिभेवर घेऊन सांगायच्या, आज पाक थोडा मागे ओढा, आज आंबटपणा वाढवा. वहीत सगळं लिहिलेलं होतं, तरी वहीवरून ते जमायचं नाही.

मग सोनालीचा अपघात झाला.

सोनाली हौसाबाईंची भाची, भावाची मुलगी. तेवीस वर्षांची. हिंजवडीत एका कंपनीत कॉम्प्युटरवर माहिती भरायचं काम, मारुंजीत मैत्रिणींबरोबर खोली. एका शनिवारी दुपारी मैत्रिणीचा वाढदिवस झाला आणि संध्याकाळी ती स्कूटरवरून गावाकडे निघाली. उजेड होता, रस्ता ओळखीचा होता. स्कूटर दुभाजकावर गेली. दुसरं कोणी मध्ये आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, "चल, बघून येऊ." चिंचवडचंच हॉस्पिटल. कमरेचं हाड आणि उजवा पाय. ती शुद्धीवर होती. हौसाबाई उशाशी बसून तिला चमच्यानं पाणी पाजत होत्या. आम्ही दारात पोचलो तेव्हा ती आत्याला सांगत होती, बहुधा शंभराव्यांदा.

"आत्या, दारू न्हवती गं प्याली. टिंगल होतं, चार बाटल्या. सरबतासारखं लागतं. मला काय झालंय ते कळलंच न्हाई."

मॅडम आत गेल्या नाहीत. मी आत जाऊन फळांची पिशवी ठेवली, दोन शब्द बोलले आणि बाहेर आले, तर त्या कॉरिडॉरमधल्या बाकावर पर्स दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. "चला मॅडम," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "तू जा. मी थोडं बसते."

त्या आठवड्यापासून त्या डबा खाऊन दुपारीच लॅबमधून निघू लागल्या. गुरुवारी आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी. बुधवारी जाताना त्यांनी मला विचारलं, "उद्या अकराला येशील का? दोन तासांचं काम आहे. घरी सांगून ये."

गुरुवारी कारखाना बंद होता, वॉचमननं कुलूप काढून दिलं. लॅबच्या टेबलावर जांभळाच्या तीन बाटल्या ठेवलेल्या होत्या, शेजारी वही आणि घड्याळ. थुंकायचं स्टीलचं भांडं धुऊन कपाटात पालथं घातलेलं.

"मी हे पिणार आहे," त्या म्हणाल्या. "एका तासात तीन. तू समोर बस. दर पाच मिनिटांनी मला विचार, काही वाटतंय का. मी सांगेन ते लिही."

"मॅडम, तुम्ही कधीच..."

"म्हणूनच."

त्यांनी पेला घेतला नाही. पोरं पितात तशी बाटलीच तोंडाला लावली. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. काही नाही. गोड आहे. काही नाही. दुसरी बाटली संपली तेव्हा म्हणाल्या, "थोडं बरं वाटतंय. खोली उबदार वाटते." तिसरी निम्मी झाल्यावर त्या हसल्या आणि बहिणीची कुठलीशी गोष्ट सांगू लागल्या, लहानपणी दोघी देहूरोडला रेल्वेच्या पुलावर गाड्या मोजत बसायच्या ती. मी विचारलं, "चढल्यासारखं वाटतंय?" त्या ठामपणे म्हणाल्या, "छे! अजिबात नाही." मी तसं लिहिलं.

मग त्या खिडकी उघडायला उठल्या. गुडघे एकदम मुडपले. मी धरलं म्हणून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं नाही. त्या फरशीवरच बसल्या, पाठ कपाटाला टेकून. अंबाडा सुटलेला, पदर खांद्यावरून घसरलेला. तोंडात शब्द नीट येत नव्हते.

"मनीषा," त्या म्हणाल्या, "मी आत्ता स्कूटर चालवली असती. मला वाटलं असतं, येते मला चालवता."

थोड्या वेळानं त्यांना उलटी झाली. मी फरशी पुसली. दुपारी चारपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग मी त्यांना रिक्षानं घरी सोडलं. त्यांच्या बहिणीनं दार उघडलं, तिला वास आला. तिनं मॅडमना हात धरून आत नेलं.

पुढचे दोन महिने त्यांनी जांभळावर पुन्हा काम केलं. काढून टाकलेलं एकेक परत घालू लागल्या. बीची पूड घालून तुरटपणा आणला, साखर उतरवली, स्पिरिटची जळजळ झाकणारा भाग काढून टाकला. मला ते आवडलं होतं. रानातलं जांभूळ खाल्ल्यासारखं वाटायचं. पण एक बाटली संपली की पुरे व्हायचं.

निखिल सरांनी एक घोट घेतला, बराच वेळ तोंड हलवत राहिले.

"मॅडम, हे तोंड धरतंय."

"हो."

"दुसरी बाटली कोण मागवणार?"

"कमी लोक मागवतील. तेच हवंय."

सर खुर्चीत मागे रेलले. ते वाईट माणूस नव्हते. सोनालीच्या ऑपरेशनच्या वेळी न बोलावता आले होते, दोन दिवस थांबले होते. ते म्हणाले, "बाटलीवर लिहिलंय मॅडम, दारू आहे म्हणून. गाडी चालवू नका म्हणून पण लिहिलंय."

"लिहिलंय. आणि ते वाचलेलं विसरायला लावायचं काम मी चौदा महिने केलं."

तरीही सरांनी एक बॅच काढली, हे सांगितलं पाहिजे. नव्या चवीची एक पूर्ण बॅच बाजारात गेली. महिन्याभरात निम्म्याहून जास्त खोकी परत आली. बारवाले फोनवर शिव्या द्यायचे. सर वर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "आता बास झालं मॅडम. जुनी चव चालू करा."

"मी त्यावर सही करणार नाही."

"मग कोण करनार? चाळीस बाया हायत खाली!" त्यांचा आवाज चढला होता. "त्यांना काय सांगू मी? मॅडमच्या मनाला पटंना म्हनू?"

मॅडमनी एप्रन काढून घडी घातली. वह्या टेबलावर ओळीनं लावून ठेवल्या, सगळ्या. एकही नेली नाही. मला म्हणाल्या, "गर आंबट आला तर आधी पाणी तपास, मग साखरेला हात लाव." आणि जिना उतरून गेल्या.

त्यानंतर सह्या मी केल्या. कोणी जबरदस्ती केली नाही. सरांनी विचारलं, "जमेल का?" आणि मी हो म्हणाले. माझं नुकतंच लग्न ठरलं होतं, मोशीत घर बघत होतो. खरं सांगायचं तर मनात थोडी फुशारकीही होती, आता लॅब माझी. चव जमली नाही. एक बॅच औषधासारखी, पुढची नुसती पाकासारखी गोड. गिऱ्हाइकाला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नसे, पण ते दुसऱ्याच पेयाकडे वळू लागलं. सरांनी मुंबईहून इसेन्सवाला माणूस आणला. त्यानं दोन थेंबांत जांभळाचा वास उठवला, फळाचा गर बंदच केला. ती चव खोकल्याच्या औषधाची होती. त्याच सुमाराला दुसऱ्या दोन कंपन्यांच्या तसल्याच बाटल्या बाजारात आल्या, स्वस्त आणि रंगीत. तीन शिफ्टच्या दोन झाल्या, दोनांची एक.

तेव्हा हौसाबाई मला म्हणाल्या, "चल, बाईकडं जाऊ."

चिंचवडला गेलो. मॅडमच्या बहिणीनं चहा ठेवला. हौसाबाई सतरंजीवर बसल्या, खुर्ची घेतली नाही.

"बाई, परत या," त्या म्हणाल्या. "मालक पाय धरायला तयार हाय. येतो म्हनला व्हता, म्या म्हनलं, मी जाते."

"हौसाबाई, तुमची सोनाली..."

"सोनालीचं मला सांगू नगा!" हौसाबाईंचा तो लाइनवरचा आवाज खोलीत मावेना. "तिची आत्या मी हाय. तिची ढुंगणं म्या धुतली हायती सहा म्हैनं. म्या कवा तुमाला बोल लावला? एक शबुद तरी बोलले का? न्हाई. मग तुमी कशापायी शिक्षा घेता? घ्या की, तुमची तुमी घ्या. माज्या चाळीस बायांना कशाला देता?"

मॅडम खाली बघत होत्या. चहावर साय धरली. मला वाटलं, त्या काहीतरी समजावून सांगतील. बुद्धीचं, नीतीचं काहीतरी.

"मला दुसरं काही करता येत नाही, हौसाबाई," एवढंच त्या म्हणाल्या.

हौसाबाई उठल्या. चहाला कोणी हात लावला नाही. जिना उतरताना त्या पदरानं तोंड पुसत होत्या आणि मला म्हणत होत्या, "ताक प्याली माज्या हातचं दोन वर्सं. दोन वर्सं!"

पुढच्या होळीपर्यंत कारखाना बंद झाला. निखिल सरांनी जागा एका पॅकिंगवाल्याला भाड्यानं दिली. बायका पांगल्या. कोणी दुसऱ्या कंपनीत हाउसकीपिंगला गेल्या, कोणी घरी बसल्या, दोघी-तिघी परत गावाला. मला चाकणच्याच एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. तिथे मी मापं तपासते. चवीचा संबंध नाही. मॅडमना मी फोन केला नाही. काय बोलायचं होतं? त्यांचं बरोबर होतं असं म्हणाले असते, तर माझ्या सह्यांचं काय? चूक होतं असं म्हणायला गेले, तर फरशीवर बसलेल्या मॅडम डोळ्यांसमोर यायच्या.

एकदा मोबाइलच्या दुकानात सोनाली भेटली. काउंटरवर कामाला लागली होती, शेजारी काठी टेकवलेली. तिच्या पायाचे एक्स-रे अजून आत्याच चिंचवडला डॉक्टरांना दाखवून आणायची. मला ओळखून म्हणाली, "ताई, तुमच्याबरोबर त्या बाई आल्या होत्या ना, चष्मा आणि अंबाडा? त्या रोज दुपारी यायच्या. बाहेरच्या बाकावर बसायच्या आणि पाचला, आत्या यायच्या आत, उठून जायच्या. सिस्टर म्हणायच्या, तुझी कोण आहे ती? मी म्हणायचे, माहीत नाही. आत कधीच आल्या नाहीत."

मी तिला नाव सांगितलं नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी पहिल्या शिफ्टला जात होते. आमची कंपनीची बस चाकणच्या चौकात नेहमीसारखी ट्रकांच्या रांगेत अडकली. मी खिडकीशी होते. रस्त्यापलीकडे बसथांब्यावर दोन बायका बसल्या होत्या. नऊवारी नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक, ती हौसाबाई. शेजारी पोतनीस मॅडम. केस पूर्ण पांढरे झालेले, अंगात मरून रंगाचा स्वेटर. त्यांच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट होतं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यांनी त्यावर दोन्ही हात पालथे ठेवले होते.

मी खिडकीची काच सरकवायला गेले, ती अडकली. हाक मारली असती तरी हॉर्नच्या गलक्यात पोचली नसती. दोघी एकाच दिशेला, बस येते का ते बघत होत्या. बाक रिकामा होता, पाच माणसं बसतील एवढा. तरी त्या अगदी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या.

पुढचा ट्रक हलला आणि आमची बस निघाली.